तीन क्लासना एकच मेथड द्यायची होती – माझा अनुभव

आमच्या पायथॉन प्रोजेक्टमध्ये बिल, रिपोर्ट आणि युजर असे तीन क्लास होते, एकमेकांशी काही संबंध नाही, पण सेव्ह झालं की लॉग, म्हणजे काय झालं त्याची नोंद, लिहायचा कोड तिन्हीकडे कॉपी-पेस्ट केलेला. लॉगचा फॉरमॅट बदलायचा म्हटलं की तीन ठिकाणी हात घाला.

आधी सगळ्यांनी सुचवलं की एक बेस क्लास कर, ज्याच्यातून तिन्ही क्लास मेथड घेतील, आणि टाक सगळं त्यात. मला नाही पटलं. बिल आणि युजर एकाच प्रकारातले नाहीतच, आणि असा बेस क्लास एकदा झाला की जो येतो तो आपली मेथड त्यातच कोंबतो, मग युजरला टॅक्स काढायची मेथड फुकटात मिळते. म्हणून लॉगमिक्सिन नावाचा छोटा क्लास केला (मिक्सिन म्हणजे एकटा न वापरता दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायचा क्लास), त्यात फक्त सेव्ह, आणि सेव्हमध्ये लॉग लिहून सुपरचं, म्हणजे पुढच्या क्लासचं, सेव्ह कॉल करायचं, बस.

खरी गंमत क्रमात आहे. बिलच्या कंसात, म्हणजे ज्यांच्याकडून मेथड घ्यायच्या त्या क्लासच्या यादीत, लॉगमिक्सिन आधी आणि मॉडेल (प्रत्यक्ष डेटा सेव्ह करणारा क्लास) नंतर लिहिलं की लॉग येतो. मी मुद्दाम उलटं करून बघितलं तर डेटा व्यवस्थित सेव्ह झाला, एरर काहीच नाही, आणि लॉग गायब! कारण मॉडेलचं सेव्ह आधी सापडलं आणि ते पुढे सुपर कॉल करत नव्हतं. बिलचा एमआरओ, म्हणजे मेथड कुठल्या क्रमाने कुठल्या क्लासमध्ये शोधायची ती यादी, प्रिंट केला तेव्हा नीट डोक्यात शिरलं, सुपर म्हणजे आपला पॅरेंट असं नाही, त्या यादीतला पुढचा क्लास. ही यादी पायथॉन २.३ पासून, म्हणजे २००३ पासून, सीथ्री नावाच्या पद्धतीने बनते आणि क्रम जुळतच नसेल तर क्लास बनतानाच टाइपएरर येतो, ते मला फार आवडतं. पण दोन मिक्सिनमध्ये एकाच नावाची मेथड असली तर पहिली गुपचूप जिंकते. पीएचपीच्या ट्रेटमध्ये (तिथला मिक्सिनसारखाच प्रकार) तसं नाही, तिथे सरळ फेटल एरर, कुठली घ्यायची ते इन्स्टेडऑफने सांगावंच लागतं. मला तेच जास्त बरं वाटतं.

मेल पाठवायचा कोड मात्र मी मिक्सिनमध्ये घेतला नाही. त्याला स्वतःचं कनेक्शन, सेटिंग्ज, टाइमआउट लागतात, आणि ते सगळं बिलच्या सेल्फवर, म्हणजे त्या बिलच्याच ऑब्जेक्टवर, लटकवलं तर कुठलं व्हेरिएबल कोणाचं तेच कळत नाही. त्याचा वेगळा मेलर ऑब्जेक्ट केला आणि बिल बनवताना इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) पास केला. टेस्टमध्ये खोटा मेलर देता येतो, त्यामुळे टेस्ट चालवताना खऱ्या कस्टमरला मेल जायची भीती राहिली नाही.