विश्वामित्रीकाठी पुराच्या खुणा मोजताना

बडोद्याच्या खालच्या अंगाला, विश्वामित्री नदीच्या कोतरांना (घळींना) लागून असलेल्या एका लहान गावाचा पूर-नकाशा आम्ही केला. आराखड्यात ‘पूर येतो’ एवढं लिहून भागत नाही. पाणी आधी कुणाच्या उंबऱ्याला लागतं, ते कळायला हवं.

सुरुवात माणसांपासून केली. सन कुणाच्या लक्षात नसतं, सण असतो. २०१९ चा पूर दिव्यांच्या अवसेच्या सुमारास आला, २०२४ चा जन्माष्टमीला. तसं विचारलं की उत्तरं पटापट येतात. पण ‘कमरेएवढं पाणी होतं’ हे जसंच्या तसं लिहून घेऊ नये. २००५ च्या पुरानंतर रस्त्यावर काँक्रीटचे थर चढलेत, उंबरे उचललेत. तेव्हाची कंबर आज मांडीवर येते. म्हणून माणसाला त्याच जागी उभं करून विचारायचं, ‘काका, तेव्हा ही पायरी होती का?’

सगळ्यात जास्त फसवते ती भिंत. वीट पाणी ओढते, ओल पुराच्या रेषेच्या फूट-दोन फूट वर चढते आणि तिथे लोणा फुटतो. तो पांढरा पट्टा म्हणजे पूर नव्हे. खरी रेघ आडोशाला सापडते, जिथे पाणी संथ होतं आणि नंतर कुणी फडकं मारलं नाही. एका लाकडी कपाटाच्या पाठीवर पिवळट गाळाची केसाएवढी बारीक, सरळ रेघ होती. शेजारच्या भिंतीवरचा लोणा तिच्याहून हातभर वर. मीटरच्या पेटीतही अशी रेघ मिळते, पण पेटी वायरमनकडूनच उघडून घ्यावी. आणि हे सगळं पूर ओसरल्यावर आठवड्याभरात, दिवाळीची रंगरंगोटी सुरू व्हायच्या आत.

उंच-सखलपणा गवंड्याच्या पारदर्शक नळीने काढला. दहा-बारा मीटर नळी, शाळेच्या ओट्याची खालची पायरी शून्य. नळी बादलीतून ओढून भरायची. आत एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का पाहायचं. वाचताना एका टोकावर अंगठा राहिला की पाणी अडून बसतं, ही चूक फार होते. टप्प्याटप्प्याने घरं घेत शेवटी परत त्याच पायरीवर यायचं. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर अख्खी फेरी पुन्हा.

मग हे आकडे बडोद्यातल्या काळाघोडा पुलाजवळच्या नदीच्या पातळीशी जोडायचे. तिथे धोक्याची पातळी २६ फूट, २०२४ मध्ये पाणी ३५ च्या वर गेलं. पुलाजवळ अमुक पातळी झाल्यावर किती तासांनी कुठल्या पायरीला पाणी लागलं, याची नोंद हा नकाशाचा जीव. मात्र खाली जिला विश्वामित्री मिळते ती ढाढर नदी भरून वाहत असेल तर विश्वामित्रीचं पाणी तुंबतं आणि तोच आकडा गावाला जास्त बुडवतो. म्हणून ढाढरेत ज्याचं पाणी येतं त्या देव धरणातून पाणी सोडल्याची वेळही शेजारच्या रकान्यात लिहिली.

पूर ओसरल्यावर ज्या खड्ड्यांत, कांशीत (पाण्याच्या चरात) पाणी साचून राहतं, ते नकाशावर लाल केले. विश्वामित्रीतल्या मगरी तिथेच अडकतात, आणि बायका कपडे धुवायलाही तिथेच जातात.

एक प्रत सरपंचांकडे, एक तलाठ्याकडे. शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने सनवार रेघा मारल्या, अक्षरं गुजरातीत. पहिली उठवायची घरं त्याखालीच लिहिली आहेत.