जाहिरातीच्याच आवाजात जाहिरातीला उत्तर

अमेरिकेतील बर्कली शहरातले केपीएफए हे रेडिओ केंद्र १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते आणि त्यावर व्यापारी जाहिराती नसतात. बाजाराच्या भाषेची चिरफाड करणाऱ्या 'नेगेटिव्हलँड' या ध्वनिप्रयोगी मंडळींचा 'ओव्हर द एज' हा कार्यक्रम १९८१ पासून याच केंद्रावर रुजला, हा मला योगायोग वाटत नाही. येथे राहायला आल्यापासून मी त्यांचे काम मन लावून ऐकत आहे आणि फोंड्याच्या नाट्यवेड्या मित्रांनी ते ऐकावे, असे मनापासून वाटते.

'नेगेटिव्हलँड'मधील, २०१५ साली निवर्तलेले डॉन जॉइस हा कार्यक्रम चालवताना 'कार्ट' वापरत. ही फितीची चपटी डबी रेडिओ केंद्रांत मुळात जाहिराती आणि जिंगल वाजवण्यासाठीच असे. आतील फीत अखंड वेटोळ्याची असल्यामुळे ती वाजून झाली की आपोआप आरंभाशी येऊन थांबते आणि बटण दाबताच तेच वाक्य नेमक्या क्षणी पुन्हा उमटते. निवेदकाचे गोड आश्वासन असे पाच-सहा वेळा, भलत्याच आवाजांच्या शेजारी ऐकले की शब्दांतला अर्थ गळून पडतो आणि उरते ती फक्त विकण्याची घाई.

१९९७ च्या 'डिस्पेप्सी' या अल्बममध्ये त्यांनी शीतपेयांच्या जाहिरातींचे तुकडे असेच जोडले. १९९१ साली एका रेकॉर्ड कंपनीच्या खटल्याने ते पुरते पोळले होते, म्हणून या वेळी मुखपृष्ठावर, 'पेप्सी' दडलेल्या अल्बमच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून छापली. पेप्सी कंपनीने मात्र खटला भरला नाही. जे आवाज परवानगी न घेता रात्रंदिवस आपल्या कानांवर आदळतात, त्यांना उलट बोलण्याचा हक्क ऐकणाऱ्याला असलाच पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

गोव्यात याला कच्चा माल मुबलक आहे. मांडवी नदीतील कॅसिनोंची आमंत्रणे आहेत, जत्रेतील नाटकाच्या दोन अंकांमध्ये ध्वनिक्षेपकावरून होणारा दुकानांचा पुकारा आहे, 'स्वप्नातले घर' विकणाऱ्या बिल्डरचा भारदस्त आवाज आहे. त्या आवाजाखाली पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवरील रिकाम्या कळशांची खणखण जोडली, तर वेगळे भाष्य करावेच लागणार नाही. यंदाच्या जत्रेत कोणी हा पुकारा फोनवर ध्वनिमुद्रित करून मला पाठवला, तर पहिली जोडणी मी येथे करीन. कळशांचा आवाज मात्र गावातच टिपावा लागेल.