सात नंबरचा थर्मामीटर

फोंड्याच्या बाजूला एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं आहे, आणि मेल्टिंग पॉईंट, म्हणजे पदार्थ वितळतो ते तापमान, म्हटलं की माझी टेप ठरलेली, हळू तापव रे बाबा, शेवटच्या दहा-पंधरा डिग्रीत मिनिटाला एक-दोनच्या वर चढू देऊ नकोस, सॅम्पल सुकव, कॅपिलरीत, म्हणजे काचेच्या बारीक नळीत, ठोकून ठोकून भर. ऑक्टोबरातल्या प्रॅक्टिकल परीक्षेत याच टेपने माझी चांगलीच फजिती केली.

एका पोराला ओळखायला बेंझोइक ॲसिड आलं होतं, अर्थात त्याला ते माहीत नव्हतं. बायकार्बोनेटमध्ये फसफसलं, म्हणजे ॲसिड, इथपर्यंत बरोबर, पण मेल्टिंग पॉईंट आला 126-127 आणि तो अडकला कारण तक्त्यात बेंझोइक 122 ला आणि सिनॅमिक 133 ला, मधे त्याच्या कामाचं काहीच नाही. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, भराभर तापवलंस, पारा चढतो पण कॅपिलरीतली पावडर मागे राहते म्हणून आकडा जास्त येतो, परत कर. त्याने नवी कॅपिलरी घेतली, बर्नर अगदी बारीक केला, वीसेक मिनिटं घाम पुसत बसला, आणि परत 126-127. "सर, परत तेंच," म्हणाला, रडकुंडीला आलेला. वर म्हणतो की परमँगनेटचा रंगही जात नाही, सिनॅमिकने तर तो जायला हवा, मग सिनॅमिक कसं म्हणू?

इथे माझी ट्यूब पेटली. सॅम्पल ओलं असलं किंवा त्यात भेसळ असली तर ते लवकर आणि पसरून वितळतं, 117 पासून 121 पर्यंत वगैरे, आकडा खाली जातो, वर कधीच नाही. कॅपिलरी आणि थर्मामीटर तेलात तापवतात, तेलाबाहेर राहिलेला थर्मामीटरचा दांडा गार असतो, त्याने फरक पडला तरी आकडा कमीच दिसणार. आणि याचं तर एका डिग्रीत चटकन वितळतंय, म्हणजे माल चोख आहे. मग चार डिग्री आल्या कुठून?

थर्मामीटर काढून घेतला, त्यावर पट्टीने चिकटवलेला नंबर 7. प्यूनला बर्फ आणायला सांगितलं तर तो निघाला मासळी मार्केटला! अरे त्या बर्फात मीठ असेल तर पारा शून्याच्याही खाली जाईल, कँटीनच्या फ्रीजमधला आण म्हटलं. बर्फ कुटून थोडं डिस्टिल्ड पाणी घातलं, बल्ब आत धरला. पारा उतरत उतरत आला आणि 4 वर थांबला, पाच मिनिटं ढवळलं तरी तिथेच.

मग भिंग लावून बघितलं तर बल्बच्या जरा वर पाऱ्याच्या धाग्यात तीनेक मिलिमीटरची फट. वरचा तुकडा तेवढा वर ढकललेला म्हणून प्रत्येक आकडा चारने जास्त. तापवताना ती फट वर सरकून बुचाच्या आड जायची त्यामुळे कुणाला दिसलीच नाही. गणपतीच्या सुट्टीआधी सगळे थर्मामीटर ड्रॉवरमध्ये आडवे टाकून ठेवणारा मीच, आणि तो ड्रॉवर अडकतो म्हणून धाडकन ओढणाराही मीच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना जाऊन सरळ सांगितलं. ते हसले, पोराला दुसरा थर्मामीटर आणि अर्धा तास वाढवून दिला, 121-122 आला, सुटला बिचारा. सात नंबर मी बर्फ-मिठात बुडवला, पारा सगळा बल्बमध्ये ओढला गेला, बोटाने हलके टिचक्या मारल्या तशी फट मिटली, आणि शून्याला शून्य दाखवायला लागला.

घरी जायच्या आधी मात्र जर्नलचा गठ्ठा काढला कारण सुट्टीनंतर त्या टेबलावर याच सात नंबरने तिघांनी काम केलेलं. एकाचं नॅफ्थलीन 84, खरं 80. दुसऱ्याचं ॲसिटॅनिलाईड 118, खरं 114. दोन्हीकडे माझ्याच लाल पेनाचा गोल, बाजूला "घाईने तापवले", आणि दोन-दोन मार्क कापलेले.

तिसरी वही एका मुलीची. तिचंही ॲसिटॅनिलाईड. आकडा 114, खाली माझी टिक, दहापैकी दहा. कागद उजेडात धरला तर 4 च्या खाली खोडलेला 8 स्पष्ट दिसत होता.