पाण्याचं कडवं

शाहीर आले तेव्हा डफ उतरला होता. आमच्या कम्युनिटी रेडिओच्या स्टुडिओत मशिनांसाठी एसी कायम चालू, त्या गारव्यात कातडं सैल पडतं. आत शेकोटी पेटवणं शक्यच नव्हतं. शाहीर काही न बोलता गच्चीवर गेले आणि टॉवरच्या बुडाशी, उन्हाकडे डफ धरून वीस मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात मी एसी बंद केला. आमच्या तंत्रज्ञाने तोंड वाकडं केलं. त्याचा जीव मशिनांत, माणसं आली-गेली त्याला सारखीच.

डफासमोर माईक लावणं हे काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. सरळ समोर धरला की ठोक्यागणिक आवाज फाटतो आणि शब्द बुडतात. मी तो कडेला, कातड्याशी तिरपा लावते. झीलकरी, म्हणजे मागून सूर धरून झील ओढणारे साथीदार, चार पावलं मागे. शाहिरांचा माईक नेहमीपेक्षा वीतभर वर, कारण वरच्या पट्टीत गेले की ते मान मागे टाकतात. पहिल्याच गणाला, सुरुवातीच्या वंदनेला, लेव्हल अशी बसली की माझं मलाच बरं वाटलं.

कार्यक्रम लोककलेचा. ठरल्याप्रमाणे शाहिरांनी अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ घेतली. विरहाची वाटणारी ही छक्कड शेवटाला येते तेव्हा मैनेची ताटातूट ही खंडित महाराष्ट्राची ताटातूट होते; संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं हे रोखठोक राजकीय गाणं. ते संपलं असं वाटून मी आवाजाचा फेडर खाली घ्यायला हात नेला, तर डफ थांबेचना. त्याच चालीवर शाहिरांनी स्वतःचं कडवं सुरू केलं. गावच्या पाणीयोजनेचं, कोरड्या टाकीचं, तहसीलसमोर धरणं धरून बसलेल्या बायांचं. एक्केचाळीस सेकंद. काचेपलीकडे आमची स्वयंसेवक पोरगी टाळ्या वाजवत होती.

कम्युनिटी रेडिओच्या परवान्यात बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय कार्यक्रमांना मनाई असते. आकाशवाणीच्या बातम्या लावता येतात, पण जशाच्या तशा किंवा फार तर आपल्या बोलीत भाषांतर करून. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं. ते वाक्य आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावलंय, परवान्याच्या शेजारीच. नळाला पाणी कधी येणार हे आम्ही रोज सकाळी सांगतो. ते का येत नाही हे सांगायला गेलं की ती बातमी होते.

संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ‘तुम्ही अनुभवी आहात, योग्य ते बघा,’ म्हणाले. म्हणजे काप, पण मी कापायला सांगितलं असं कुठे बोलू नकोस. हेच गृहस्थ १ मेच्या भाषणात शाहिरांची परंपरा वगैरे बोलतात. पण त्यांच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही. नाही म्हटलं असतं तर फार तर वाद झाला असता.

कट अवघड होता. कडवं झिलीतूनच उगवलेलं, मध्ये श्वासाएवढी जागा नाही. मी पहिल्या कडव्यानंतरची झील उचलली, डफाच्या ठोक्यावर ठोका ठेवून शेवटाला जोडली आणि तिच्यावरच आवाज हळूहळू उतरवत फेड घेतला. तीनदा डोळे मिटून ऐकलं. जोड कळत नव्हता. अण्णाभाऊंचं शेवटचं कडवं मात्र पूर्ण ठेवलं. ते राजकीय आहे म्हणून कोणी हरकत घेईल असं माझ्या मनातही आलं नाही. का नाही आलं, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय. त्यातही सीमेचा प्रश्न आहे, तोही मिटलेला नाही.

संध्याकाळी सातला कार्यक्रम गेला. आमचा पल्ला दहाएक किलोमीटरचा, त्यात त्या बायांचं गाव येतं. आठ फोन आले, त्यातले पाच सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माईशी. लोककला वाचवा म्हणणारे एरवी पुष्कळ भेटतात, त्यांच्यातला एकही नाही.

नववा फोन शाहिरांचा. मी आधीच बोलायला लागले, परवाना, नियम. त्यांनी ऐकून घेतलं.

‘ते ठीक हाय मॅडम, तुमची नोकरी हाय. पण झील पहिल्या कडव्याची लावली व्हय?’

‘कसं कळलं?’

‘शेवटाला आमच्या म्हाताऱ्या झीलकऱ्याला दम लागतो. रेडिओत लागला न्हाई.’

प्रसारित झालेला कार्यक्रम ३ महिने जपून ठेवायचा, असा नियम आहे. न लावलेल्या एक्केचाळीस सेकंदांबद्दल नियमात काही नाही. ती फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. काल पुन्हा लावली. म्हातारबुवांचा दम खरंच ऐकू येतो, ‘जी जी’च्या दुसऱ्या ‘जी’ला.