शीट विंच बदल: पोर्टचा शेवटचा बोल्ट सुटला, आणि खाली कुजका प्लाय

शिडाच्या बोटीवर पोर्टच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या, जुन्या विंचचा (शीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढून आवळायचं चक्र) अडून बसलेला चौथा बोल्ट एकदाचा सुटला. पण बोल्टपाठोपाठ भोकातून तपकिरी पाणी ओघळलं आणि मागच्या नोंदीतला सगळा आराखडा बदलावा लागला. स्टारबोर्डची, म्हणजे उजवी, बाजू कोरडी आहे, त्यामुळे या वेळी जवळपास सगळं पोर्टबद्दलच.

आधी बोल्ट. विंचचा तळ ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पाव इंची स्टेनलेसचे. खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी पूड तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि बोल्टला चहूबाजूंनी आवळते. अशा ठिकाणी नुसतं तेल सोडून फारसं साधत नाही. उपयोग झाला तो उष्णतेचा, पण बोल्ट तापवून नव्हे, तळ तापवून. तापमान एक अंशाने वाढलं की मीटरभर अ‍ॅल्युमिनियम साधारण 23 मायक्रॉन प्रसरण पावतं, तर 316 स्टेनलेस 16. म्हणजे दोन्ही सारखेच तापले तरी भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. हॉट एअर गन तळावर फिरवत ठेवायची, भोवतीच्या जेलकोटवर (फायबरवरचा चकचकीत थर) ओली फडकी अंथरायची आणि जेलकोट 60 अंशांच्या पुढे जात नाही ना, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने बघत राहायचं. मग इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी. अ‍ॅसिटोन आणि गियरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं निम्मं मिसळून मुरवायचं असेल तर ते आदल्या दिवशी, आणि गन लावण्याआधी सगळं पुसून, हवा खेळती ठेवून. अ‍ॅसिटोनची वाफ पेट घेते.

चौथ्या बोल्टाची खाचच गेली होती, म्हणून डोकं ड्रिलने उडवलं. स्टेनलेसला कोबाल्ट बिट लागतो, वेग कमी, दाब भरपूर आणि कटिंग ऑइल. बिट नुसता घासत राहिला तर धातू जागच्या जागी कडक होतो आणि पुढे नवा बिटही चालत नाही. डोकं गेल्यावर तळ उचलला आणि उरलेला दांडा लॉकिंग पक्कडीने फिरवून काढला.

आता खरं दुखणं. कोमिंगच्या, म्हणजे बसून बोट चालवायच्या कॉकपिटभोवतीच्या उंच कडेच्या, पोटात विंचखाली 18 मिमी प्लायचा तुकडा फायबरमध्ये गाडलेला आहे. तो चारही भोकांभोवती काळा पडलाय, स्क्रूड्रायव्हर टोचला की बोटभर आत जातो. मूळ बेत होता भोकं मोठी करून इपॉक्सीने बुजवायची आणि खालून 6 मिमी अ‍ॅल्युमिनियमची बॅकिंग प्लेट द्यायची. ओलं लाकूड पोटात ठेवून इपॉक्सी भरली तर ती लाकडाला धरत नाही, आणि सप्टेंबरच्या मुंबईच्या हवेत गाडलेला प्लाय वाळण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणून कॉकपिट लॉकरमधून हात घालून फायबरची आतली कातडी (थर) कापली, प्लाय छिन्नीने सोलून काढला आणि बाहेरची कातडी उघडी केली. ती ठणठणीत आहे, कॉइनने ठोकली की सगळीकडे खणखणीत आवाज येतो.

नव्या तुकड्यासाठी सागवान, मरीन प्लाय असे पर्याय कागदावर होते. मग लोहार चाळीत इलेक्ट्रिकल इन्सुलेशनवाल्यांकडे एफआर-4 ग्लास इपॉक्सीची पाटी दिसली आणि अ‍ॅल्युमिनियमचा विचार तिथेच सोडला. हे मटेरियल कुजत नाही, गंजत नाही, बोल्टखाली दबत नाही, आणि स्टेनलेसशी त्याचं वैर नाही. स्विचबोर्डवाले ते रोज वापरतात, त्यामुळे बोटीच्या सामानाच्या भावाने घ्यावं लागत नाही आणि तुकडा कापूनही मिळतो. 10 मिमी जाडीचा घेतला. कापताना कार्बाइडचं पातं वापरा, साधं पातं काही मिनिटांत बोथट होतं. धूळ काचेची असते, त्यामुळे चांगला रेस्पिरेटर आणि पूर्ण बाह्या हव्यातच. पाटी गुळगुळीत येते, चिकटवायची बाजू 60 नंबरच्या कागदाने पूर्ण मॅट होईपर्यंत घासायची, नाहीतर इपॉक्सी पुढे सुटते.

बसवायचा क्रम असा ठरलाय. बाहेरची कातडी आतून 36 नंबरने खरवडायची, अ‍ॅसिटोनने पुसायची, नुसत्या इपॉक्सीचा एक हात द्यायचा आणि तो चिकट असतानाच सिलिका घालून पीनट बटरसारखी घट्ट केलेली इपॉक्सी लावून पाटी दाबायची. कडांनी सगळीकडून माल बाहेर आला पाहिजे. जिथे येत नाही तिथे पोकळी आहे. वर कापडाचे तीन थर, आतली कातडी 3 मिमी असल्याने कडेचा उतार 36 मिमी, म्हणजे जाडीच्या बारापट. कापड दोन दिशांच्या धाग्यांचं, शिवलेलं बायअ‍ॅक्सियल घ्या. दुकानात पहिल्यांदा हाती देतात ती चॉप्ड स्ट्रँड मॅट, काचतंतूंच्या तुकड्यांची. तंतू धरून ठेवणारा तिचा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही.

आपल्याकडच्या उन्हात इपॉक्सीचा वेळ झपाट्याने संपतो. तापमान दहा अंश वाढलं की पॉट लाइफ (मिसळल्यापासून घट्ट होईपर्यंतचा वेळ) जवळपास निम्मी होते. स्लो हार्डनर, सकाळी लवकरची वेळ, आणि मिश्रण पेल्यात न ठेवता उथळ ट्रेमध्ये पसरलेलं. सुकल्यावर दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो आधी पाणी आणि स्कॉच-ब्राइटने धुवायचा, मगच घासायचं. उलट केलं तर तो थर कागदाने आत रगडला जातो.

नव्या विंच 30 आकड्याच्या (हाताचा जोर सुमारे 30 पट करणाऱ्या), दोन वेगांच्या, सेल्फ-टेलिंग (शीटचं सुटं टोक स्वतः धरून ठेवणाऱ्या). हा आकडा का, ते मागे कुणीतरी विचारलं होतं. शीटवरचा भार किलोत काढायचा तर शिडाचे चौरस मीटर गुणिले वाऱ्याच्या नॉट्सचा वर्ग गुणिले 0.021. वीस चौ. मी. जिनोआ (पुढचं मोठं शीड) आणि 18 नॉट म्हणजे 136 किलो. जुनी विंच 1:1 (गियरविना थेट), ड्रमची त्रिज्या 35 मिमी आणि हँडल 8 इंची, म्हणजे घर्षण सोडून 5.8 पट. हातावर 23 किलोंहून जास्त. नवीवर दुसऱ्या गियरला, 10 इंची हँडलने, साडेचार-पाच किलो, आणि घर्षण धरून त्याहून थोडं जास्त. मात्र 10 इंची हँडल लाइफलाइनला (कडेच्या सुरक्षा तारेला) लागतं. पुठ्ठ्याचा विंच आणि खरं हँडल ठेवून पूर्ण फेरी मारून बघितल्यावर केंद्र कॉकपिटकडे 40 मिमी सरकवावं लागतंय. त्याचा फायदाही झाला: जुनी चार भोकं आणि नवी पाच एकमेकांवर चढत नाहीत.

सरकवल्यामुळे शीटचा कोन बदलला. शीट ड्रमवर खालून वर चढत यायला हवी, ड्रमच्या आसाशी काटकोनापेक्षा 3 ते 8 अंश खालून. त्याहून कमी झाला की वेढे एकमेकांवर चढून ओव्हरराइड बसतो आणि भाराखाली तो सोडवणं धोक्याचं असतं. लीड ब्लॉकपासून (शीट विंचकडे वळवणारी कप्पी) सुतळी ताणून मोजलं तर जवळपास सपाट, म्हणून 5 अंशांची पाचर लागणार. 140 मिमी तळाला एका कडेला 12 मिमी उंची. पाचर सागवानाची करायची होती, पण एफआर-4 चे उरलेले तुकडे थर लावून चिकटवले आणि तासले तर तीही कुजण्याचा प्रश्न संपतो. हेच करणार. विंच पाचरीवर फिरवून बसवताना गियर कुठे येतो ते निर्मात्याच्या पुस्तिकेत बघून घ्या, भाराची दिशा आणि गियरची जागा जुळावी लागते. बोल्टाच्या डोक्याचा आकारही तिथला पाळा.

बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून. चुंबक दाखवून 316 असल्याची खात्री देणारे बरेच भेटतात, पण 304 सुद्धा चुंबकाला जवळपास चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा निरर्थक आहे. डोक्यावर ए4-70 छापलेलं बघा आणि शंका असेल तर मॉलिब्डेनम (316 मध्ये असतं, 304 मध्ये नाही) तपासणीच्या थेंबाने खात्री करा. 316 च्या नट-बोल्टांचे आटे कोरडे आवळले तर आपसात पकडतात, म्हणून टेफ-जेल (आटे पकडू न देणारी पेस्ट) लावून हळू फिरवायचे. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने हलकी कड काढून ब्यूटाइल टेपची (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) रिंग घालायची, बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा, म्हणजे टेप पिळली जात नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा आवळायचं, उन्हात ब्यूटाइल मऊ होऊन बाहेर येत राहतं. तळातली पाणी जाण्याची भोकं सीलंटने बुजली नाहीत ना, तेवढं तपासा.

सेल्फ-टेलरचा जबडा 8 ते 12 मिमीचा, सध्याच्या शीट 14 च्या. त्या गेल्या. 12 मिमी पॉलिएस्टर येणार आहे. पुढचं काम पाचर तासणं, मग दोन्ही बाजूंना सुतळी पुन्हा ताणून, कोन पुन्हा मोजून, त्यानंतरच ड्रिल.