सोडियममधला ‘इयम’

आमचे रसायनाचे सर मूलद्रव्यांची नावं पाठ करून घेत नसत, फोडून दाखवत. सोडा अधिक इयम, पोटॅश अधिक इयम. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हींनी वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून हे दोन धातू वेगळे केले आणि त्यांना लॅटिन वळणाची नावं दिली. लॅटिनमध्ये सोनं म्हणजे ऑरम, लोखंड म्हणजे फेरम, शिसं म्हणजे प्लंबम; सगळी नपुंसकलिंगी. एवढं सांगून सर थांबले आणि म्हणाले, “आता मराठीत बघा. ते सोनं, ते तांबं, ते लोखंड, ते शिसं!” चांदी तेवढी निसटली, पण तिचं जुनं नाव ‘रुपं’, तेही नपुंसकलिंगीच. रसायनाच्या तासाला व्याकरणाने असं दार उघडलं, याचं मला आजही अप्रूप आहे.

पुढे कामामुळे परदेशी कागदपत्रं वाचनात आली, तेव्हा हा प्रत्यय ठिकठिकाणी भेटत राहिला. जर्मनमध्ये नाट्रियम (म्हणून तर सोडियमची खूण एन-ए), स्पॅनिश-इटालियनमध्ये शेवट घासून सोडिओ. अॅल्युमिनियमची तऱ्हा निराळी. १८१२ साली खुद्द डेव्हींनी ‘अॅल्युमिनम’ लिहिलं होतं; ते अमेरिकेत टिकलं, इंग्लंडने मात्र सोडियम-पोटॅशियमच्या पंक्तीत बसेल असं ‘इयम’ पसंत केलं.

सरांचं लाडकं उदाहरण हेलियमचं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आपल्या गुंटूरमधून सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी इंग्लंडमधून सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेचा वेध घेतला. नवं मूलद्रव्य धातूच असेल असं धरून नाव पडलं हेलियम. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांना ते पृथ्वीवर सापडलं, तर तो निघाला वायू! त्याचे सगेसोयरे निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन. हा एकटाच ‘इयम’वाला. सर म्हणायचे, “नावात त्या काळची समजूत गोठलेली असते, ती वाचायला शिका.” पाठ्यपुस्तकाने मला इतकं मोठं काही दिलं नाही.

२०१६ मध्ये निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगॅनेसॉन ही चार नवी नावं ठरली. आता नियमच आहे: नवं मूलद्रव्य आवर्तसारणीच्या सतराव्या गणात (उभ्या रांगेत) असेल तर ‘ईन’, अठराव्यात, म्हणजे हेलियमच्या गणात, ‘ऑन’, एरवी ‘इयम’. बातमी वाचून सरांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “आणि हेलियम?”

“तसंच ठेवलंय, सर.”

“छान केलं.”