सराफाच्या काट्यावर मेटलची पिन

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातलं आमचं ऑफिस रात्री अकराच्या आधी बंद होत नाही. सौदे दिवसा उरकतात. पट्ट्या, हमाली-तोलाई, पेमेंटचे मेळ हे सगळं नंतर माझ्या गळ्यात. अशा वेळी कानात आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड लावून बसायचं, ही वालचंद कॉलेजला असल्यापासूनची सवय. मार्चमधल्या एका रात्री मेडनचा अल्बम संपला आणि ॲपने आपल्या मनाने पुढचं गाणं लावलं. गिटार दणदणीत, पण आवाज ऐकून वाटलं, गायकाला सर्दी झालीय की काय. बदलायला फोन उचलला आणि तसाच हातात धरून बसलो. गाणं होतं ‘नेक्रोपोलिस’, बँड मनिला रोड. आयुष्यात नाव ऐकलं नव्हतं.

घरी जाऊन शोधलं. नावात मनिला असलं तरी पोरं अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या विचिटाची. गव्हाचा पट्टा. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही. १९७७ मध्ये बँड सुरू केला, रेकॉर्ड कंपन्या दारात उभ्या करेनात म्हणून स्वतःचंच ‘रोडस्टर’ लेबल काढलं आणि १९८३ मध्ये ‘क्रिस्टल लॉजिक’ आणला. तिघंच जण. गिटार आणि तो नाकातला आवाज, दोन्ही मार्क शेल्टनचं. गावात फारसं कुणी विचारलं नाही, पण पुढे जर्मनी आणि ग्रीसमध्ये लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. शेल्टन गेलासुद्धा जर्मनीतच, जुलै २०१८ मध्ये, एका फेस्टिव्हलमध्ये वाजवून झाल्यावर. वय ६०. म्हणजे मला हा माणूस सापडला तो गेल्यावर. धान्याच्या गावात बसून राजे-तलवारी-मेलेल्या शहरांची गाणी रचणारा माणूस हळदीच्या गावातल्या मला का आवडू नये?

मग डोक्यात आलं, याची रेकॉर्डच घ्यायची. त्याला कारण आजोबांचा एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात खालच्या कपाटातल्या नाट्यसंगीताच्या एलपी चार दिवस पाण्यात होत्या. कव्हरांचा लगदा झाला. तबकड्या मात्र साध्या पाण्याने धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि वाजल्या! प्लेअर माळ्यावर होता म्हणून वाचला.

१९८३ ची मूळ प्रत आपल्या खिशातली नव्हे. नवीन छापलेली जर्मनीतल्या एका दुकानात मिळाली. रेकॉर्ड २६ युरो, टपाल १९. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करावे लागतात, हे तेव्हा कळलं. एक शहाणपण मात्र केलं. दुकानाला लिहिलं की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून वेगळी पॅक करा. आत ठेवली तर प्रवासातल्या धक्क्यांनी ती कव्हरची कड फाडून बाहेर येते. पाच आठवड्यांनी पोस्टमन आला, कस्टम ड्युटीचे पैसे रोख घेतले. आजीने खोका उचलून बघितला आणि एवढंच विचारलं, “एवढ्या पैशांत एकच?”

त्याच संध्याकाळी पिन टेकवणार होतो. पण प्लेअर घरघरायला लागला, म्हणून आधी तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी भिंगातून पिन बघितली, मग नव्या रेकॉर्डकडे बघितलं.

“हिच्यावर ही लावणार तू?”

“हो.”

“ही पिन न्हाई रं, नांगराचा फाळ हाय.”

मला वाटलं, गिऱ्हाईक पटवतायत. म्हणून सराफ कट्ट्यावरच्या मित्राकडे गेलो. सोनं तोलायच्या छोट्या काट्यावर त्याने तोंड वाकडं करत पिन टेकवू दिली. ६.४ ग्रॅम! नव्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा, म्हणजे पिन ज्यात बसते त्या भागाचा, रेकॉर्डवरचा भार साधारण २ ग्रॅम असतो. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला जास्त भार लागतोच, पण त्यात पिन झिजलेली असली तर ती खाचेतून फिरताना खाचच खरवडते. काका खरं बोलत होते. “सहा ग्रॅम म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या वर,” मित्र म्हणाला, “एवढं पोरीच्या कानात घालतात लेका.”

मग दोन महिने रेकॉर्ड नुसती कपाटात उभी. आडवी रचायची नाही, वाकते. सांगलीच्या उन्हात तर विचारूच नका. दिवाळीच्या बोनसमधून बेल्टवर चालणारा साधा प्लेअर घेतला, फोनो प्रीॲम्प आतच असलेला. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. ते पूर्ववत करणारं हे सर्किट नसलं तर सगळं कोरड्या पत्र्यासारखं वाजतं. पिनचा भार पुन्हा त्याच काट्यावर लावून घेतला. या वेळी मित्राने चहा मागितला.

रविवारी दुपारी लावली. फोनवर ड्रम मागे कुठेतरी वाजायचे, इथे ते खोलीत होते. आजी पलंगावर शेंगा सोलत होती. ‘नेक्रोपोलिस’ला म्हणाली, “नाकात गातोय.” पुढच्या गाण्याला काहीच म्हणाली नाही. मग ‘फीलिंग फ्री अगेन’ लागलं. या अल्बममधलं मला न पटणारं हे एकच गाणं; कुणीतरी रेडिओसाठी घुसडल्यासारखं, उडतं. फोनवर मी ते नेहमी पुढे ढकलतो. इथे ढकलायचं तर उठून, नेम धरून पिन उचलावी लागते. उठलोच होतो.

“राहू दे की,” आजी म्हणाली. “हेच जरा बरंय.”

आता पहिली बाजू लावली की ते गाणं पुरं वाजतं.